आमच्या घरातले परदेशी

दार मी उघडलं. बाहेर पोलीस शिपाई उभा होता. सायकल भिंतीला टेकवलेली, टोपी काखेत. दुपारचं ऊन होतं, त्याची मान घामाने चिंब झाली होती. त्याने आधी पाणी मागितलं. मी तांब्या आणून दिला. तो त्याने उभ्याउभ्याच रिकामा केला आणि तोंड पुसत मला विचारलं, "काव पोरी, ते पाकिस्तानी बाई इथंच रायते का?"

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. मला हसू आलं. अकोल्याच्या जुन्या शहरात, मोर्णेच्या या काठावर, आमच्या गल्लीत पाकिस्तानी बाई कुठून येणार? मी म्हटलं, "इथं कोणी पाकिस्तानी नाही. तुम्ही घर चुकलात."

 शिपाई माझ्या डोक्यावरून आत पाहत होता. मी वळून पाहिलं तर अम्मा मागे येऊन उभी होती. हाताला ज्वारीचं पीठ तसंच. तिने मनगटाने पदर पुढे ओढला आणि त्याला म्हणाली, "मीच हाव ते."

"साहेबानं बलावलं हाये. उद्या सकायी. पासपोर्ट घेऊन या," एवढं सांगून तो सायकलवर बसून निघून गेला.

मी अम्माकडे बघत राहिले. सकाळी माझी वेणी घातलेली, भाजीवालीशी घासाघीस करणारी, रागावली की मला 'ढोर' म्हणणारी हीच बाई. तिला कुणी पाकिस्तानी म्हटलं आणि ती हो म्हणाली. त्या वयात मला पाकिस्तान म्हणजे काय तेही नीट ठाऊक नव्हतं. शाळेत मुलं ज्या आवाजात तो शब्द उच्चारत, तो आवाज तेवढा ठाऊक होता. मी विचारलं, "अम्मा, तू पाकिस्तानी आहेस?" ती म्हणाली, "भाकर करपते बघ," आणि आत गेली.

आमच्या घरात एक मिसळ बोली चालायची. थोडी उर्दू, थोडी हिंदी आणि बरीचशी वऱ्हाडी. इथे मी घरातलं बोलणं मराठीतच लिहिते आहे, कारण जन्मभर मी शाळेत मराठीच शिकवली आणि आता मला आठवतंही मराठीतूनच.

झालं होतं ते असं. अम्मा अमरावतीची. तिचे वडील, माझे नाना, तिथे बांगड्यांचं दुकान चालवत. आम्ही मणियार. मामू रेल्वेत नोकरीला होते. फाळणीच्या वेळी रेल्वेच्या माणसांना विचारलं गेलं, इकडे राहता की तिकडे जाता. मामूंनी तिकडे लिहून दिलं आणि ते कराचीला गेले. नाना म्हणाले, माझं दुकान इथं, मी इथंच मरणार. नानी मात्र नातवाचं तोंड बघायला म्हणून मामूंकडे गेली आणि तिथे अंथरुणाला खिळली. तिने सारखा अम्माचा धोसरा घेतला. त्या काळी परमिट काढून जाता येत असे. अम्माने परमिट काढलं, मला अब्बांकडे आणि तेवढ्यापुरत्या राहायला आलेल्या त्यांच्या बहिणीकडे, फूफीकडे ठेवलं आणि माझ्या धाकट्या भावाला कडेवर घेऊन मुंबईहून बोटीने कराचीला गेली. भाऊ तेव्हा जेमतेम दोन-अडीच वर्षांचा, अजून तिचं दूध न सोडलेला.

दोन महिन्यांत परत येते म्हणून गेलेली अम्मा आठ-नऊ महिने आली नाही. नानी लवकर मरेना आणि बरीही होईना. दरम्यान परमिटची मुदत सरली. मग दोन्ही देशांनी परमिट बंद करून पासपोर्ट सुरू केले. नानीला माती दिल्यावर अम्मा परत यायला निघाली, तेव्हा कराचीतल्या आपल्या कचेरीत तिला सांगितलं गेलं, तुमच्या परमिटची मुदत संपली, तुम्हाला इथून भारताचा पासपोर्ट मिळायचा नाही. मामूंनी मग कुणाकुणाला धरून तिला तिकडचा पासपोर्ट काढून दिला. त्यावर तीन महिन्यांचा व्हिसा. धाकट्याचं नाव तिच्याच पासपोर्टात, तिच्याखाली.

अब्बा जिनिंग कारखान्यात फिटर होते. सरकी वेगळी करणारी यंत्रं ते डोळे मिटून खोलत आणि जोडत, पण कचेरीचा कागद समोर आला की त्यांचे हात थांबत. पासपोर्ट म्हणजे तिकीट अशी त्यांची समजूत होती. मुक्कामाला पोचलं की तिकिटाचं काम संपलं. मामूंचीही तीच समजूत. अम्मा अकोला स्टेशनावर उतरली, टांग्यातून घरी आली, दुसऱ्या दिवशी तिने चूल सारवली, आणि आम्ही सगळे समजलो की अम्मा आली. सरकारच्या दृष्टीने एक परदेशी बाई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे पाहुणी आली होती. हे आम्हाला त्या शिपायाने सांगितलं.

शिपाई गेल्यावर शेजारची काकू आली. काकूकडे म्हशी होत्या, गल्लीला दूध तिचंच. भिंतीपलीकडून तिने सगळं ऐकलं होतं.

"कायले आला होता व तो?"

अम्माने सांगितलं.

काकू खाली बसली. "पाकिस्तानी? तू?" तिने स्वतःचे दोन्ही हात पुढे केले. काकूचं माहेरही अमरावतीचं. "अवं, माह्या लग्नाचा चुडा तुया बापानं भरला. या हातात. आन् तू पाकिस्तानी कशी होशीन?"

अम्मा म्हणाली, "पासपोर्ट तसा हाये बाई."

"मंग देऊन टाक ना त्यायले तो! ठेवते कायले?"

काकूला हे इतकं सोपं वाटलं होतं. मलाही वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी अब्बांनी सुट्टी काढली. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मलाही नेलं. पोलीस कचेरीत परदेशी लोकांचं काम बघणारा एक कारकून होता. त्याने अम्माला बुरखा वर करायला सांगितलं, फोटोशी चेहरा ताडून बघायला. अब्बांचा चेहरा लाल झाला. अम्माने बुरखा वर केला. कारकुनाने फोटो पाहिला, तिला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. माणूस वाईट नव्हता, बोलायलाही सभ्य होता. त्याने विचारलं, "भारतात येण्याचं कारण?"

अम्मा गोंधळली. म्हणाली, "घर आहे माझं."

"तसं लिहिता येत नाही बाई. कारण सांगा."

"नवरा आहे. मुलगी आहे, ही बघा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. जरा विचार करून टाक उचलला आणि लिहिताना मोठ्याने म्हणाला, "नातेवाइकांना भेटणे."

मी आणि अब्बा तिचे नातेवाईक झालो. परतताना अब्बा वाटभर तेच म्हणत राहिले, "नातेवाईक. नातेवाईक म्हणे." अम्मा पुढे चालत होती. तिने तीन महिने वाढवून घेतले होते.

ते तीन महिने संपले की पुन्हा अर्ज, पुन्हा तीन. कधी मुदत वाढून यायची, कधी उत्तरच यायचं नाही आणि अम्मा अधांतरी असायची. हळूहळू आम्हाला त्याची सवय झाली, असं म्हणायला हवं. पण ती कसली सवय? दारावर थाप पडली की अम्मा आधी खिडकीच्या फटीतून बघायची. पोस्टमन असला तरी तिच्या हातातलं भांडं खाली ठेवलेलं असायचं.

त्या व्हिशात एक कलम होतं, ते आम्हाला फार उशिरा कळलं. नाना गेले तेव्हा.

सकाळी अमरावतीहून नात्यातला एक माणूस आला. नाना पहाटेच्या नमाजाला उठले आणि तिथेच कोसळले. अम्माने रडत रडत कपडे बदलले, धाकट्याला तयार केलं. तेवढ्यात अब्बांना कुठून आठवलं देव जाणे. म्हणाले, एकदा कचेरीत सांगून जाऊ, उगाच भानगड नको. कारकुनाने पासपोर्ट उघडला आणि बोट ठेवलं. "व्हिसा अकोल्यापुरता आहे. अमरावतीला जायचं तर वेगळी परवानगी लागते."

अब्बा म्हणाले, "साहेब, हिचे वडील वारले. आज माती आहे."

"मला समजतं हो. पण साहेब दौऱ्यावर गेलेत. त्यांच्या सहीशिवाय मी काय करू?"

"साहेब कधी येतील?"

"परवा."

अब्बांनी हात जोडले. कारकुनानेही हात जोडले. तो म्हणाला, "तुम्ही न सांगता गेला असता तर मला कळलंही नसतं. आता सांगितलंत. आता गेल्या आणि कोणी तक्रार केली, तर सरळ हद्दपार करतील."

अकोला ते अमरावती म्हणजे मूर्तिजापूर, बडनेरा, की आलंच. आमच्या गल्लीतल्या बाया लग्नाच्या बांगड्या घ्यायला तिकडे जाऊन संध्याकाळी परत येत. जी बाई बोटीने समुद्र ओलांडून कराचीला जाऊन आली होती, ती बापाच्या मयतीला अमरावतीला जाऊ शकली नाही. मी, अब्बा आणि धाकटा गेलो. अम्मा आम्हाला पोचवायला स्टेशनावर आली. गाडी हलली तेव्हा ती रडत नव्हती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला पुष्कळ वर्षं सांगता आलं नाही. आता सांगते. ती चकित झालेली होती. आपल्यावर असं काही येऊ शकतं, यावर तिचा विश्वासच बसत नव्हता.

त्यानंतर वर्षभराने नोटीस आली. मुदत यापुढे वाढणार नाही, देश सोडून जावे. शिपाई तोच, पहिला. या वेळी त्याने पाणी मागितलं नाही. कागद अब्बांच्या हातात दिला, सही घेतली आणि खाली मान घालून गेला.

अब्बा ओट्यावर बसले ते बसूनच राहिले. कारखान्याचा भोंगा झाला तरी उठले नाहीत. अम्मा म्हणाली, "मी गेले तर धाकट्याला नेऊ की ठेवू?" कुठला कांदा चिरू, असं विचारावं तशा आवाजात. ते ऐकून अब्बा ताडकन उठले, चपला घातल्या आणि वकिलाकडे गेले.

हे वकील म्हणजे कमी बोलणारे, वयस्क गृहस्थ. कारखान्याच्या मालकांनी त्यांचं नाव सुचवलं होतं. त्यांनी अब्बांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतः कधी तिकडे गेला होता?"

"नाही."

"मग तुम्ही भारतीय. नवा कायदा झालाय नागरिकत्वाचा. भारतीय माणसाच्या बायकोला अर्ज करता येतो. वेळ लागेल. पण करता येतो."

तो 'वेळ' पुढे दोन वर्षं चालला. वकिलांनी हद्दपारीला तहकुबी मिळवली. अर्ज अकोल्याहून वर गेला, तिथून आणखी वर गेला, प्रश्न घेऊन परत आला. ही बाई स्वखुशीने पाकिस्तानी झाली का? अम्माने उत्तर दिलं की मला घरी यायचं होतं, घरी येण्यासाठी जे हातात दिलं ते मी घेतलं. वकिलांनी ते तसंच लिहिलं. एकही शब्द बदलला नाही, हे ते आम्हाला पुढे अभिमानाने सांगत.

शेवटी कलेक्टर कचेरीत बोलावणं आलं. अधिकाऱ्याने शपथ वाचली, अम्मा एकेक शब्द त्यांच्यामागून म्हणत गेली. काही शब्द तिला उच्चारता येईनात, तेव्हा ते थांबले आणि सावकाश पुन्हा म्हणाले. तिला प्रमाणपत्र मिळालं. काकूने त्या दिवशी गल्लीत खव्याचे पेढे वाटले. दुसऱ्या दिवशी अम्मा पहिल्या गाडीने अमरावतीला गेली. नानांचं दुकान तोवर दुसऱ्याने घेतलं होतं, तिथे कापड विकत होते. ती समोरच्या फुटपाथावर बराच वेळ उभी राहिली आणि परत आली. कुणाला न विचारता, कुणाला न सांगता.

आमच्या लेखी ते प्रकरण तिथे मिटलं. पुढची सात-आठ वर्षं घरात कुणी पासपोर्टाचं नावही काढलं नाही. मी मॅट्रिक झाले, शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं, जुन्या शहरातल्याच एका मराठी शाळेत लागले. धाकटा उंच झाला, कबड्डी खेळू लागला, आवाज फुटला. आपण कधी कराचीला गेलो होतो हे त्याला ऐकून माहीत होतं, आठवत काहीच नव्हतं.

पासष्ट साली युद्ध सुरू झालं. खिडक्यांना काळे कागद लागले. पानठेल्यावर रेडिओभोवती गर्दी असायची आणि अब्बा तिथून जाताना पावलं झपाझप टाकायचे. माझ्या शाळेतल्या एका बाईंनी मला सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुमचे मामा तिकडेच ना हो?" मी हो म्हटलं. त्या दिवसापासून त्या माझ्याबरोबर डबा खाईनाशा झाल्या.

रविवार होता, म्हणून मी घरी होते. सकाळची वेळ. जमादार आणि दोन शिपाई आले. अम्मा कांदे निवडत होती. पोलीस बघून ती मुळीच घाबरली नाही. उठली, हात धुतले, पेटी उघडली आणि आपलं प्रमाणपत्र घेऊन बाहेर आली. तिच्या चालण्यात एक रुबाब होता. मला आठवतं, मला तिचं कौतुक वाटलं. तिने प्रमाणपत्र जमादारापुढे धरलं. "हे बघा. मी इथली आहे. कलेक्टर साहेबांची सही आहे."

जमादाराने ते वाचलं. नीट घडी घालून तिला परत दिलं.

"तुमचं नाही बाई," तो म्हणाला. "तुमचं झालं. पोरगा कुठी हाये?"

अम्माला कळलं नाही. मलाही कळलं नाही. मी विचारलं, "कुठला पोरगा?"

"तुमचा भाऊ. आईच्या पासपोर्टावर आला होता ना तो? आईचं नागरिकत्व झालं. त्याचं कुठी झालं? त्याची सोळा वर्षं भरली. तो अजून पाकिस्तानीच हाये कागदावर."

  इतक्या वर्षांत, इतक्या अर्जांत, इतक्या खेपांत हे कुणाच्याही मनात आलं नव्हतं. अब्बांना वाटलं होतं, आई आली की लेकरू आलंच. वकिलांनी आईचं विचारलं, अब्बांनी आईचं सांगितलं. आणि आमच्या घरात आमच्याच ताटात जेवणारा, माझी सायकल मोडून ठेवणारा, मॅट्रिकच्या वर्गातला हा मुलगा इतकी वर्षं परदेशी म्हणून जगत होता. त्याला स्वतःलाही पत्ता नव्हता.

अम्मा जमादाराला म्हणाली, "मी त्याला कडेवर घेऊन गेले होते." तिने कडेवर हात ठेवून दाखवला. "साहेब, तो बोलत पण नव्हता धड. कडेवर होता माझ्या."

"मले समजते बाई. पण वरून यादी आली हाये."

तेवढ्यात धाकटा मैदानावरून आला. गुडघ्यांना माती, खांद्यावर सदरा. पोलीस बघून तो माझ्याकडे वळला. "आपा, काय झालं?"

मी त्याला काय सांगणार होते? मी शिक्षिका होते, रोज पन्नास मुलांना न घाबरता शिकवत होते. मला एक वाक्य जुळवता आलं नाही. जमादारानेच सांगितलं. धाकटा ऐकून आधी हसला. अगदी मी नऊ वर्षांची असताना हसले होते तसा. मग आमची तोंडं बघून थांबला.

काकू भिंतीवरून वाकली होती ती दाराशीच आली. "ओ जमादार, कोनाले नेऊन राहिले? हा पाकिस्तानी? माह्या म्हशीच्या दुधावर वाढला तो!" जमादार म्हणाला, "मावशी, बाजूले सरका." काकू सरकली नाही. शेवटी अम्मानेच तिला हाताला धरून बाजूला केलं. धाकट्याला तिने सदरा घालायला लावला, वरची गुंडी स्वतः लावली. तो लाजला. शिपायांसमोर आईने गुंडी लावावी हे त्याला आवडलं नाही. आणि तो गेला.

त्या रविवारीही अब्बा यंत्रांच्या दुरुस्तीला कारखान्यात गेले होते; निरोप मिळताच ते तिथून थेट वकिलांकडे गेले. मी मागोमाग पोचले. वकील आता खूप थकले होते, कचेरी मुलावर सोपवून घरीच असत. त्यांनी सगळं ऐकलं आणि चष्मा काढून ठेवला.  मग म्हणाले, "मुलगा होता? मला ठाऊकच नाही." पुन्हा म्हणाले, "मी विचारलंच नाही."

धाकट्याला तुरुंगात वेगळ्या बराकीत ठेवलं होतं. युद्ध थांबलं तरी तो तिथेच होता. भेटीच्या दिवशी अम्मा भाकऱ्या आणि ठेचा बांधून न्यायची. तो जाळीपलीकडे उभा राहायचा आणि मोजकंच बोलायचा. कबड्डीचा निकाल काय लागला, एवढं एकदा विचारलं. शाळा सुरूच होती, परीक्षेचे अर्ज भरून झाले, त्याचं वर्ष गेलं.

वकील स्वतः उभे राहिले. त्यांच्या मुलाने नको म्हटलं तरी. अधिकाऱ्यापुढे ते काय बोलले ते मी ऐकलं आहे, मी तिथे होते. ते म्हणाले, "साहेब, माणूस स्वखुशीने दुसऱ्या देशाचा झाला तरच तो आपला राहत नाही. कायदा असं म्हणतो. हा जन्मला अमरावतीत, बाप भारतीय, आणि गेला तेव्हा आईचं दूध पीत होता. याने स्वखुशीने देश बदलला, असं आपण लिहिणार का?"

अधिकारी तरुण होते. त्यांनी धाकट्याकडे पाहिलं. त्याला मिशी फुटू लागली होती. ते म्हणाले, "निर्णय मला इथे घेता येत नाही. वर पाठवतो. तोवर जामिनावर सोडतो, पण हजेरी द्यावी लागेल."

तो घरी आला. दर आठवड्याला ठाण्यात हजेरी. मॅट्रिकला बाहेरून बसून तो पास झाला, पण नोकरीच्या अर्जात राष्ट्रीयत्वाच्या पुढे काय लिहायचं हे कुणी सांगू शकेना, म्हणून अर्जच केले नाहीत. अब्बांनी त्याला कारखान्यात आपल्या हाताखाली घेतलं. कबड्डी त्याने सोडली. मैदानावरून ओरडा ऐकू आला की तो उठून आत जायचा.

वरून उत्तर यायला आणखी दोन वर्षं लागली. अडुसष्ट साल उजाडलं होतं. मी, अम्मा आणि धाकटा, तिघं कचेरीत गेलो. अधिकारी आता वेगळे होते. त्यांनी कागद वाचून सांगितलं की मुलगा जन्मापासून भारतीयच आहे, त्याने नागरिकत्व कधी गमावलंच नव्हतं, हजेरी बंद.

अम्मा दाराकडे वळली. धाकटा मात्र तिथेच उभा राहिला.

"कधी गमावलंच नव्हतं?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग मी आत का होतो?"

अधिकाऱ्यांनी कागदाकडे पाहिलं, जणू त्यात लिहिलेलं असेल. मग म्हणाले, "ते माझ्या आधीचं आहे." त्यांच्या आवाजात खोटं काही नव्हतं. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं.

बाहेर आल्यावर धाकट्याने सांगितलं की भूक लागली आहे. अम्मा कधी हॉटेलात बसली नव्हती. त्या दिवशी बसली. आलुबोंडे आणि तर्री मागवली. खाता खाता धाकटा बराकीबद्दल पहिल्यांदा बोलला. आम्ही कधी विचारलं नव्हतं.

"मला वाटलं होतं आत सगळे तिकडचे असतील," तो म्हणाला. "मी भीत भीत गेलो. एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठला रे तू? मी म्हटलं, अकोल्याचा. तो म्हणाला, मी मोर्शीचा. बाजूचा मूर्तिजापूरचा. एक जण अचलपूरचा, बहिणीच्या लग्नाला आला आणि मुदत संपली. सगळे वऱ्हाडीच बोलून राहिले होते. आत एकही तिकडचा नव्हता, आपा. एकही नाही."

अम्माचा घास हातातच राहिला. ती त्याच्याकडे बघत होती.

"मोर्शीच्या म्हाताऱ्याचं काय झालं?" तिने विचारलं.

"पाठवला त्याला. तिकडे त्याचं कोणी नव्हतं. मुलं सगळी मोर्शीत. जाताना मला म्हणाला, आमच्या संत्र्याच्या बागेत ये कधी. पत्ता सांगितला."

"गेलास का?"

"हजेरी होती ना. अकोला सोडता येत नव्हतं."

पुढच्या रविवारी ते दोघं मोर्शीला गेले, अम्मा आणि तो. मी शाळेच्या कामामुळे गेले नाही. संध्याकाळी परत आले तेव्हा अम्माने पिशवीतली संत्री ताटात ओतली आणि सांगितलं, मुलं भेटली, म्हातारा तिकडे पोचल्यावर दोन महिन्यांत गेला, तार आली होती. मुलांना बाप आत असताना कसा होता ते कुणीच सांगितलं नव्हतं. धाकट्याने सांगितलं. तो दुपारभर बोलत होता म्हणे, आणि ते ऐकत होते. निघताना म्हाताऱ्याच्या सुनेने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नाही.

धाकटा हातपाय धुऊन आला आणि एक संत्रं सोलू लागला. त्यानंतर तो दर मोसमात मोर्शीला जात असे.